दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला, असे नव्हे

कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडी भागात राहणाऱ्या एका मुलीची ही हकिगत आहे. नाव देण्याचे कारण नाही, कारण अशी मुलगी आपल्या प्रत्येक वस्तीत सापडेल. वडील कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. बारावी झाल्यावर मुलीने पोलीस भरतीचा ध्यास घेतला. पहाटे पाचला उठून मैदान गाठायचे, दोन तास घाम गाळायचा, घरी येऊन पाणी भरायचे आणि दुपारी अभ्यासाला बसायचे, असा तिचा दिनक्रम होता. त्या भरतीची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू व्हायची होती. डिसेंबरात शंभर मीटरचा सराव करताना तिच्या मांडीच्या मागच्या बाजूला एकदम चमक निघाली आणि ती लंगडत घरी आली.

दुखापत तशी किरकोळच होती. शेजारच्या मावशींनी मायेपोटी गरम तेलाने खसाखसा चोळून दिले. कुणी बाम आणून दिला. चार दिवस ती घरात बसली. पाचव्या दिवशी चालताना दुखेना. सहाव्या दिवशी ती मैदानावर गेली आणि बुडालेले दिवस भरून काढायचे म्हणून पहिल्याच फेरीत जीव तोडून धावली. अर्धे अंतर कापले नाही तोच तोच स्नायू पुन्हा फाटला. या वेळी पाय टेकवतही नव्हता. जी दुखापत दोन-तीन आठवड्यांत बरी व्हायची, तिने तीन महिने घेतले. चाचणीची तारीख आली आणि निघून गेली.

चूक त्या मुलीची म्हणता येणार नाही. धावायचे कसे हे सांगणारे तिला पुष्कळ भेटले, पण दुखापतीनंतर पुन्हा धावायला कसे लागायचे हे कुणी सांगितले नव्हते. मोठ्या खेळाडूंच्या मागे डॉक्टर असतो, व्यायामोपचार तज्ज्ञ असतो. आपल्या मुलामुलींच्या मागे असते ती फक्त घरची माणसे. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला असायला हवी.

आत नेमके काय होते?

आपल्याकडे लचकले, मुरगळले, उसण भरली, नस चढली हे शब्द सरसकट वापरले जातात. पण त्यांत फरक आहे. पाय वाकडा पडून घोटा सुजतो, तेव्हा बहुधा सांध्याचे हाडाला हाड बांधणारे बंध ताणलेले असतात. त्याला आपण मुरगळणे म्हणतो. धावताना, वजन उचलताना किंवा उडी मारताना पोटरीत, मांडीत, जांघेत किंवा कमरेत चमक निघते, तेव्हा स्नायूचे धागे ताणून तुटलेले असतात. या लेखात आपण या दुसऱ्या दुखापतीविषयी बोलत आहोत.

स्नायू म्हणजे हजारो बारीक धाग्यांचा जुडगा. त्यातले थोडेसे धागे तुटले तर ती पहिल्या प्रतीची, म्हणजे किरकोळ दुखापत. दुखते, आखडते, पण माणूस चालू शकतो. बरेच धागे तुटले की दुसरी प्रत. त्यात सूज येते, काळेनिळे पडते, ताकद कमी होते. स्नायू जवळजवळ पूर्ण तुटला की तिसरी प्रत. किरकोळ दुखापत साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत बरी होते. दुसऱ्या प्रतीला अनेक आठवडे आणि तिसऱ्या प्रतीला कित्येक महिने लागतात.

बरे होण्याचेही टप्पे आहेत. पहिले काही दिवस शरीर तुटलेला भाग साफ करते. तेव्हा सूज आणि वेदना असतात. मग दोन-तीन आठवडे नवे धागे तयार होतात आणि फटीत व्रणासारखी सांधणूक होते. त्यानंतर हे नवे धागे हळूहळू ओळीत लागतात व मजबूत होतात. ते काम आणखी कित्येक आठवडे चालते.

यातली खरी गोम अशी की, वेदना पहिल्या टप्प्यानंतरच ओसरू लागते. ताकद मात्र शेवटच्या टप्प्यात परत येते. भिंतीला गिलावा केला की ती वरून सुकलेली दिसते, पण आत ओलच असते. त्यावर लगेच खिळा ठोकला तर पोपडाच निघणार. कोळसेवाडीच्या मुलीचे हेच झाले. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पहिले काही आठवडे तर हा धोका सर्वांत मोठा असतो.

डोंबिवलीच्या अजिंक्यने काय केले?

आपल्याच परिसरातले उदाहरण पाहा. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे हा लहानाचा मोठा डोंबिवलीत झाला. खांद्यावर किट घेऊन लोकलच्या गर्दीतून तो मुंबईला सरावाला जात असे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कानपूरला कसोटी सामना झाला. रहाणे त्या सामन्यात भारताचा कर्णधार होता. शेवटच्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना त्याच्या डाव्या मांडीच्या मागच्या स्नायूला किरकोळ ताण बसला. पुढचा सामना ३ डिसेंबरला वानखेडेवर, म्हणजे त्याच्या घरच्या मैदानावर होता. त्या काळात त्याच्या धावा होत नव्हत्या, संघातली जागा डळमळीत झाली होती. अशा वेळी कुणालाही वाटले असते की दात-ओठ खाऊन खेळावे. पण दुखापत पूर्ण बरी झालेली नसल्याने त्याला तो सामना खेळू दिला नाही. त्यानंतर २६ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला तो मैदानावर उतरला, पहिल्या डावात ४८ धावा केल्या आणि भारताने तो सामना ११३ धावांनी जिंकला. किरकोळ म्हटलेल्या दुखापतीनंतर त्याच्या दोन सामन्यांत सुमारे चार आठवड्यांचे अंतर पडले.

मे २०२२ मध्ये आयपीएलमध्ये खेळताना त्याच प्रकारच्या स्नायूला मोठी दुखापत झाली. या वेळी तो बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत उपचार आणि व्यायाम करत राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये दुलीप करंडकात तो परतला तो थेट नाबाद २०७ धावांची खेळी करूनच. जून २०२३ मध्ये कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ धावा केल्या.

दोन्ही वेळी दुखापतीची प्रत वेगळी होती, म्हणून थांबण्याचे दिवसही वेगळे होते. थांबलेला माणूस संपत नाही, एवढे यावरून दिसते. आणि थांबणे म्हणजे नुसते झोपून राहणेही नव्हे. ते कसे, हे पुढे पाहू.

पहिले तीन दिवस

१९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि अवयव उंच ठेवणे अशी चार गोष्टींची पद्धत सांगितली आणि ती जगभर पसरली. पुढे खुद्द डॉ. मर्किन यांनीच २०१४ मध्ये मान्य केले की, बर्फाचा अतिरेक आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. आजचे मत असे की, सुरुवातीला थोडी विश्रांती आणि मग लवकरात लवकर, सोसेल तेवढी हालचाल.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत एवढे करावे. ज्या हालचालीने दुखते ती बंद ठेवावी, पण घरातल्या घरात चालणे बंद करू नये. फार दुखत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, कातडी जळते. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे थंड पडतील किंवा मुंग्या येतील इतके घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्यावी.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. या दिवसांत जोराने चोळणे नको. आत रक्त साकळलेले असते, धागे तुटलेले असतात. चोळण्याने रक्तस्राव वाढतो. गरम शेक आणि दारूही नको. आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही, पण लेप लावला म्हणून धावायला मोकळे झालो असे समजू नये. आणि सर्वांत घातक सवय म्हणजे दुखणे थांबवणारी गोळी घेऊन मैदानावर जाणे. वेदना ही आपली राखणदार आहे. गोळीने राखणदार झोपतो, दुखापत मात्र जागीच असते. अशा गोळ्या रिकाम्या पोटी किंवा रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

फार दिवस बसून राहणेही चुकीचे

घाई करणारे जसे चुकतात, तसेच भीतीने महिनाभर हलणे सोडणारेही चुकतात. डेन्मार्कमध्ये मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूची मोठी दुखापत झालेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट करून अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दुखापतीनंतर दुसऱ्या दिवसापासून हलका, ठरवून दिलेला व्यायाम सुरू केला. दुसऱ्या गटाने नवव्या दिवसापासून केला. पहिल्या गटातील खेळाडू साधारण ६२ दिवसांत वेदनेविना खेळायला लागले, दुसऱ्या गटाला साधारण ८३ दिवस लागले. आठवडाभर उशिरा सुरुवात केल्याने तीन आठवडे वाया गेले.

या दुखापती किरकोळ नव्हत्या, म्हणून दिवसांचे हे आकडे तुम्हाला तसेच लागू होणार नाहीत. धडा मात्र लागू होतो. हलका व्यायाम लवकर सुरू करावा, पण जोराचा व्यायाम उशिरा.

परतण्याच्या पाच पायऱ्या

पायऱ्यांचा नियम एकच आहे. व्यायाम करताना दुखणे दहापैकी दोन-तीनपेक्षा जास्त होता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले असता कामा नये. दोन्ही जमले तर पुढची पायरी. वाढले तर एक दिवस थांबून खालची पायरी. तारीख पाहून वर चढू नये, पाय पाहून चढावे.

पहिली पायरी चालण्याची. लंगडल्याशिवाय सपाट रस्त्यावर अर्धा तास चालता आले पाहिजे. ठाण्यातल्यांनी तलावपाळीला किंवा उपवनला, कल्याणकरांनी काळा तलावाभोवती फेऱ्या माराव्यात. त्यानंतर जिने. स्टेशनचा पूल चढताना आणि विशेषतः उतरताना दुखत नसेल तर ही पायरी पार झाली.

दुसरी पायरी ताकदीची, आणि आपली मुले हीच नेमकी गाळतात. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला असेल तर उताणे झोपून गुडघे वाकवावेत आणि टाचा जमिनीत पाच ते दहा सेकंद दाबाव्यात, असे दहा वेळा. ते सोपे वाटू लागले की टाचांवर भार देऊन कंबर वर उचलावी, सावकाश खाली आणावी. पोटरी दुखावली असेल तर भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलाव्यात, सावकाश खाली आणाव्यात, पंधरा वेळा. मग तेच एका पायावर. मांडीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस करावी. टाचा दाबण्याचा व्यायाम रोज केला तरी चालेल, बाकीचे एक दिवसाआड. यासाठी जिमची फी लागत नाही, दहा फुटांची खोली पुरते. हिसका देऊन ताणण्याचे व्यायाम मात्र या दिवसांत नकोत.

तिसरी पायरी चालणे आणि धावणे यांची. एक मिनिट अगदी सावकाश धावायचे, दोन मिनिटे चालायचे. असे आठ वेळा. एकूण चोवीस मिनिटे झाली. मध्ये एक दिवस मोकळा सोडायचा. दोन-तीन वेळा असे जमले की दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे करावे. डांबरी रस्त्यापेक्षा मैदानाची सपाट माती बरी. येऊरच्या चढावर जाण्याची घाई या पायरीवर करू नये.

चौथी पायरी सलग धावण्याची. वीस-पंचवीस मिनिटे बोलत बोलत धावता येईल अशा वेगाने पळावे. ते जमल्यावर मध्ये मध्ये पन्नास-साठ मीटर जरा वेग वाढवावा. आधी आपल्या पूर्ण वेगाच्या निम्मा, मग तीन चतुर्थांश, मग नव्वद टक्के. एका दिवसात एकच वाढ करावी. अंतर वाढवले तर वेग वाढवू नये आणि वेग वाढवला तर अंतर.

पाचवी पायरी पूर्ण जोराची. इथे शंभर मीटर, कबड्डीची चढाई, एकदम थांबणे, वळणे, लेझीमच्या बैठका हे सगळे आले. त्याआधी स्वतःची परीक्षा घ्यावी. दुखावलेली जागा दाबली तर दुखते का? दोन्ही पाय सारखेच ताणले जातात का? एका पायावर टाच वीस वेळा उचलता येते का आणि दुसऱ्या पायाइतकीच सहज? एका पायावर दहा उड्या मारताना मनात भीती वाटते का? ही भीतीसुद्धा मोजावी. पायावर भरवसा नसेल तर माणूस वाकडा धावतो आणि दुसरा पाय दुखावून घेतो.

जे पूर्ण बरे झाले आहेत त्यांनी एक व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा ठेवावा. चादरीची घडी घालून तीवर गुडघ्यांवर उभे राहावे, भावाने किंवा बहिणीने मागून घोटे घट्ट धरावेत आणि गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकावे. तोल सुटला की हातांवर यावे. सुरुवातीला तीन-चार वेळाच. नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

यासोबत दहा मिनिटे अंग गरम केल्याशिवाय जोराचा व्यायाम नको. झोप पुरेशी हवी. नवे धागे अन्नातूनच बनतात, तेव्हा डाळ, अंडी, शेंगदाणे, मटकी, जमेल तसे मांस-मासे ताटात असावेत. महागडे डबे विकत आणायची गरज नाही.

घरातली कामेही मोजा

आता एक गोष्ट घरच्या मंडळींसाठी. वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो तो घरकामाने. मुलीला आपण सांगतो, "आज धावू नकोस." आणि त्याच तोंडाने सांगतो, "तिसऱ्या मजल्यावर दोन हंडे पाणी आण." दुखावलेल्या स्नायूला मैदान आणि जिना यांतला फरक कळत नाही. ज्याला दुखापत झाली त्याच्या वाटचे पाणी, लादी आणि बाजारहाट पंधरा दिवस घरातल्या इतरांनी वाटून घ्यावे. भाऊ असेल तर त्याने हंडा उचलावा, त्यात कमीपणा नाही. कमरेत उसण भरलेल्या आईलाही हेच लागू आहे. तिने आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नये, थोडे थोडे चालत राहावे. पण वाकून पिंप उचलणे तिच्याकडून काढून घ्यावे.

कारखान्यात, गोदामात हमालीचे काम करणाऱ्यांनाही एकदम पूर्ण वजन उचलायला लागणे धोक्याचे. मुकादमाशी बोलून पहिले काही दिवस हलके काम मागावे. ज्यांचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जे राज्य कामगार विमा योजनेत आहेत, त्यांना अटी पूर्ण होत असतील तर डॉक्टरी दाखल्यावर आजारपणाच्या रजेत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावर असताना दुखापत झाली असेल तर हे प्रमाण ९० टक्के आहे. पगारातून वर्गणी कापली जाते, पण हक्क मागायला अनेक जण जात नाहीत. विम्याचे कार्ड नुसते पेटीत ठेवू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दुखापतीच्या वेळी फट्कन आवाज आला, पाय टेकवता येत नाही, मोठा काळानिळा डाग पसरला, स्नायूत खड्डा जाणवतो, बधिरपणा आला, किंवा आठवडा उलटूनही उतार पडत नाही, तर घरगुती उपाय थांबवावेत. मार न लागता पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर ती शिरेतली गुठळी असू शकते. जबर व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, किंवा कमरेच्या दुखण्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत किंवा डाव्या हातात दुखणे म्हणजे चमक भरली असे घरातल्या घरात ठरवू नये, तेथे क्षणाचाही उशीर नको. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांची, म्हणजे आपलीच रुग्णालये आहेत. तेथे दाखवताना व्यायामोपचाराची सोय आहे का, हेही विचारावे.

सोण भिक्खूची पावले

विनयपिटकात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो श्रीमंत घरचा, पाय फार नाजूक. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात तो एवढ्या निर्धाराने चंक्रमण करू लागला की तळवे फुटून वाट रक्ताने भरली. फळ मिळेना तेव्हा सारे सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी नीट वाजत नाही, फार सैल ठेवली तरी वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे.

ही उपमा आपण पुष्कळदा ऐकतो. पण कथा तेथे संपत नाही. तथागतांनी सोणाला त्याच्या नाजूक पायांसाठी एकपदरी पादत्राणे घालण्याची मुभा दिली. सोण म्हणाला की, ही सवलत मला एकट्याला नको, सर्व संघाला असेल तरच मी घेईन. आणि ती सर्वांना मिळाली.

रक्ताळलेल्या पायांना नुसता उपदेश मिळाला नाही, पादत्राणेही मिळाली. आपल्या मुलांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. कित्येक मुले झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांवर, कधी अनवाणी, शंभर मीटर पळतात. घरात एखादा खर्च मागे सारता येत असेल तर बरे बूट आधी घ्यावेत. आणि सोणासारखे सगळ्यांसाठी मागावे. वस्तीत दहा मुले भरतीची तयारी करत असतील तर मंडळाने सर्वांची सोय पाहावी. एखाद्या व्यायामोपचार तज्ज्ञाला रविवारी विहारात बोलावून तासभर मार्गदर्शन घ्यावे. आपल्याच समाजातली मुले आज ते शिक्षण घेऊन बाहेर पडत आहेत.

पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेला जाताच येत नाही. म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाची वही उघडायची की नाही, हे मांडीच्या एका स्नायूवर ठरते. इतक्या महागड्या स्नायूला दोन आठवडे देणे परवडत नाही, असे कोण म्हणेल?

कोळसेवाडीच्या त्या मुलीने पुढच्या भरतीपर्यंत वाट पाहिली. २०२४ च्या वसंतात सराव करताना तिची पोटरी धरली. या वेळी तिने कुणाला चोळू दिले नाही. तीन दिवस थांबली, मग चालली, भिंतीला धरून टाचा उचलल्या, एक मिनिट धावली आणि दोन मिनिटे चालली. मैत्रिणी पुढे निघून जात असताना ती मैदानाच्या कडेने चालत राहायची. तेच सर्वांत कठीण गेले, असे ती सांगते. पाणी तेवढे दिवस धाकट्या भावाने भरले. अठरा दिवसांनी ती पुन्हा पूर्ण वेगाने धावली. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत तिन्ही प्रकार तिने दोन्ही पायांवर सारखा भार टाकून पार पाडले आणि लेखी परीक्षेला बसली.

मैदानाच्या कडेने चालणारी अशी मुलगी किंवा मुलगा उद्या तुम्हाला दिसला तर "काय, थकलीस का?" असे विचारू नका. तिच्याबरोबर एक फेरी चाला.